गाळप बंद झालं तरी क्लाउडचं बिल तेवढंच का? एका साफसफाईचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी, पस्तीस-चाळीस माणसं, काम साखर कारखान्यांचं. ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, वजनकाटा, पंधरवड्याचं ऊस बिल, तोडणी-वाहतुकीचा हिशोब, सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीचं नाव सांगत नाही, कारखान्यांचीही नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. मी यात बाहेरून मदतीला होतो, बाकी काम त्यांच्या दोन डेव्हलपरनी आणि फिल्ड टीमने केलं.

सगळं एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या क्लाउड सेवेच्या, मुंबई रिजनमध्ये. सुरुवातीला स्टार्टअप म्हणून क्रेडिट मिळाले होते त्यामुळे पहिली काही वर्षं बिलाकडे कोणी बघितलंच नाही, आणि त्याच काळात एक सवय लागली ती म्हणजे प्रत्येक कारखान्याला वेगळा सर्व्हर, वेगळा डेटाबेस, वेगळी बकेट (फाइली ठेवायची जागा), वेगळा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता). याला कारण होतं. संचालक मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच यायचा की आमचा डेटा शेजारच्या कारखान्याच्या डेटात मिसळणार नाही ना, आणि "तुमचा सर्व्हरच वेगळा आहे" हे उत्तर ऐकलं की विषय संपायचा. विक्रीसाठी चांगलं होतं. पण कारखाना जोडला की पाच-सहा गोष्टी उभ्या राहायच्या आणि कारखाना सुटला की त्यातल्या एकदोनच बंद व्हायच्या. आणि कारखाने सुटतात, निवडणूक होऊन पॅनेल बदललं की सॉफ्टवेअरवाला बदलतो हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. शिवाय डेमो. डेमोसाठी उभी केलेली मशीन, ऑर्डर मिळाली नाही तरी तशीच चालू.

अडचण काय होती

हंगाम मार्चमध्ये संपला. मे महिन्यात मालकांनी अकाउंटसला सरळ विचारलं की गाळप बंद आहे, काट्यावर एक गाडी येत नाही, मग बिल डिसेंबरएवढंच का? अकाउंटसकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे येतं ते रुपयातलं इनव्हॉइस, त्यावर १८ टक्के जीएसटी, त्याचं इनपुट क्रेडिट घेतलं की त्यांचं काम संपलं. डेव्हलपर म्हणाले आमचे सर्व्हर तर कमीच झालेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

कॉस्ट एक्सप्लोररमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या खर्च दाखवणाऱ्या टूलमध्ये, सर्व्हिसप्रमाणे बघितलं तर ईसीटूच्या, म्हणजे भाड्याच्या, सर्व्हरएवढीच मोठी एक पट्टी दिसली, "ईसीटू अदर" नावाची. हे नाव फार दिशाभूल करणारं आहे, वाचणाऱ्याला वाटतं किरकोळ काहीतरी असेल. पण डिस्क म्हणजे ईबीएस व्हॉल्यूम, त्यांचे स्नॅपशॉट (डिस्कची त्या वेळची साठवलेली प्रत), नॅट गेटवे (खासगी सर्व्हरना इंटरनेटवर जायचा रस्ता), डेटा ट्रान्सफर हे सगळं त्यात येतं. तेच सर्व्हिसऐवजी युसेज टाइपने ग्रुप करून बघितलं तेव्हा कुठे खरं चित्र दिसायला लागलं. बंद करून ठेवलेल्या सर्व्हरचं भाडं थांबतं पण त्याच्या डिस्कचं थांबत नाही. आणि सर्व्हर कायमचा काढला तरी मूळ डिस्क त्याच्याबरोबर जाते, नंतर जोडलेली जादा डिस्क बहुतेक वेळा मागे राहते, कारण सर्व्हरबरोबर डिस्क पुसायची सेटिंग मूळ डिस्कला आपोआप चालू असते आणि नंतर जोडलेलीला बंद. इथे प्रत्येक कारखान्याच्या सर्व्हरला डेटासाठी एक जादा डिस्क जोडायची पद्धत होती. म्हणजे सुटलेल्या प्रत्येक कारखान्यामागे एक डिस्क कशालाच न जोडलेली, "अव्हेलेबल" अशा स्टेटसमध्ये पडून. मुंबई रिजनला जीपी२ या जुन्या प्रकारच्या डिस्कचा दर महिन्याला जीबीमागे ०.११४ डॉलर, म्हणजे ५०० जीबीची एक डिस्क काहीही न करता महिन्याला ५७ डॉलर खाते.

दुसरी वाढ आयपीची. आधी चालू सर्व्हरला लावलेला एक इलॅस्टिक, म्हणजे कायम राहणारा, आयपी फुकट असायचा, १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर, वापरात असो नसो. महिन्याला साडेतीन डॉलरच्या आसपास, पण प्रत्येक कारखान्याला दोन-दोन आयपी असले की ते जमत जातं, आणि बिलात ते ईसीटूखाली न दिसता व्हीपीसी, म्हणजे खासगी नेटवर्क, याखाली दिसतं म्हणून तिकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

तांत्रिक भाग खरं तर इथपर्यंत सोपा होता. खरी अडचण पुढची. यादीतल्या निम्म्याहून जास्त गोष्टींचं नाव "टेस्ट२", "न्यू सर्व्हर", "बॅकअप जुना" असं काहीतरी, टॅग म्हणजे ओळखचिठ्ठी एकही नाही, आणि ज्याने त्या बनवल्या तो माणूस कंपनी सोडून गेलेला. क्लाउडट्रेलची, म्हणजे कोणी काय केलं याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हिसची, इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांचीच मिळते, वेगळी ट्रेल आधीपासून लावलेली नव्हती, त्यामुळे "हे कोणी बनवलं" याचं उत्तर सिस्टिममध्ये नव्हतंच. ते उत्तर फक्त माणसांकडे होतं.

समोरचे पर्याय

पहिला, सेव्हिंग प्लॅन घ्यायचा. एडब्ल्यूएसच्या एका पार्टनरने लगेच कोटेशन पाठवलं, एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी द्या, सूट मिळेल. मालकांना हे आवडलं होतं कारण सही केली की काम झालं. मी याला ठाम विरोध केला. कॉम्प्युट सेव्हिंग प्लॅनमध्ये डिस्क येत नाही, स्नॅपशॉट येत नाही, नॅट गेटवे येत नाही, म्हणजे जिथे गळती आहे तिथे त्याचा हातच पोचत नाही, आणि नको असलेले सर्व्हर अजून चालू असताना बांधिलकी घेतली तर त्या नको असलेल्या वापराचेच पैसे तीन वर्षं भरायचं कबूल केल्यासारखं होतं. आधी साफसफाई मग बांधिलकी, हा क्रम उलटा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा, एखादं टूल विकत घ्यायचं जे आपोआप शोधून आपोआप डिलीट करतं आणि वाचलेल्या पैशातला हिस्सा घेतं. शोधायला ठीक, पण डिलीट करायची परवानगी बाहेरच्या टूलला द्यायची तर आपल्याला आधी माहीत पाहिजे की कशाला हात लावायचा नाही, आणि तेच माहीत नव्हतं.

तिसरा, सगळं क्लाउडवरून काढून स्वतःच्या मशीनवर न्यायचं. मालकांच्या ओळखीतल्या कोणीतरी सुचवलेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला हंगाम सुरू होतो, ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायची हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, त्यामुळे हंगामात बिलाचं सॉफ्टवेअर बंद पडणं म्हणजे गावोगावी बोंब. एवढी उलथापालथ चार-पाच महिन्यांत करायची जोखीम कोणीच घेतली नाही.

चौथा, स्वतः, हळूहळू, परत मागे येता येईल अशा पद्धतीने. तोच घेतला.

काय केलं

सगळ्यात आधी एक शीट. प्रत्येक गोष्टीसमोर चार रकाने: कोणत्या कारखान्याचं, काय काम, आत्ता जबाबदार कोण, कधीपर्यंत पाहिजे. डेव्हलपरनी भरायला घेतली आणि निम्म्यात अडकले. मग फिल्ड टीमच्या प्रमुखांना बसवलं, सगळे त्यांना दादा म्हणतात, आयुष्य कारखान्यांच्या शेती ऑफिसात आणि काट्यावर गेलेलं. दादांना क्लाउडमधलं काही कळत नाही पण आयपी बघून ते सांगायचे की हा कोणत्या कारखान्याच्या काट्याच्या पीसीत टाकलाय, मशीनचं नाव बघून सांगायचे की हा कोल्हापूरकडच्या डेमोचा, ती ऑर्डर दुसऱ्याला गेली, काढा. एका दुपारी जेवढे रकाने भरले तेवढे आधीच्या दोन आठवड्यांत भरले नव्हते.

मग तीन गट पाडले. नक्की नको असलेलं, शंका असलेलं, हात लावायचा नाही असलेलं.

नक्की नको असलेल्यात न जोडलेल्या डिस्क, कुठेच न लावलेले आयपी, ज्यांच्या मागे एकही सर्व्हर नाही असे लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरमध्ये वाटून देणारे). डिस्क थेट डिलीट केल्या नाहीत, आधी स्नॅपशॉट, मग डिलीट. स्नॅपशॉटचा जीबीचा दर कमी असतो आणि तो फक्त लिहिलेल्या ब्लॉकचा असतो, ५०० जीबीच्या डिस्कवर ६० जीबी डेटा असेल तर साधारण तेवढ्याचेच पैसे. हे काम सुरू करण्याआधी रिसायकल बिनचा नियम लावला, म्हणजे स्नॅपशॉट किंवा एएमआय (सर्व्हर उभा करायचा तयार साचा) चुकून डिलीट झाली तरी ठरवलेल्या दिवसांत परत आणता येते. हा नियम नंतर लावून उपयोग नसतो, आधी डिलीट झालेलं त्यात सापडत नाही.

जुने स्नॅपशॉट काढताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एएमआयला बांधलेला स्नॅपशॉट आधी एएमआय डीरजिस्टर केल्याशिवाय निघत नाही. आणि स्नॅपशॉट इन्क्रिमेंटल असतात, म्हणजे आधीच्यानंतर बदललेलं तेवढंच साठवतात, एका डिस्कचे वीस असतील त्यातले मधले पंधरा काढले म्हणून तीन-चतुर्थांश पैसे वाचतील असं नाही, पुढच्या स्नॅपशॉटला लागणारे ब्लॉक तसेच राहतात. एका डेव्हलपरने यावर बरीच मेहनत घेतली आणि बिल फारसं हललं नाही, त्याला वाईट वाटलं, पण त्यात त्याची चूक नव्हती, हा प्रकार बिलात कुठेही नीट दिसत नाही.

एसथ्रीमध्ये, म्हणजे बकेटच्या सर्व्हिसमध्ये, अर्धवट राहिलेले मल्टीपार्ट (तुकड्यातुकड्याने होणारे) अपलोड सापडले. बॅकअप स्क्रिप्ट मध्येच तुटली की त्याचे तुकडे बकेटमध्ये राहतात, फाइल लिस्टमध्ये दिसत नाहीत पण पैसे लागतात. सात दिवसांनंतर ते काढून टाकायचा लाइफसायकल नियम लावला. बॅकअपचा सगळा ट्राफिक नॅट गेटवेतून जात होता, त्यासाठी एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट, म्हणजे तिकडे जायचा थेट रस्ता, टाकला, तो फुकट आहे. टेस्टच्या व्हीपीसीतला एक नॅट गेटवे तर पूर्ण मोकळाच होता, तासाला ०.०५६ डॉलर, म्हणजे एक बाइट न जाता महिन्याला चाळीसेक डॉलर. तो काढला. चालू असलेल्या डिस्क जीपी२ वरून जीपी३ वर नेल्या, जीबीमागे २० टक्के स्वस्त आणि सर्व्हर बंद न करता होतं.

टेस्टचे आरडीएस (एडब्ल्यूएसच सांभाळतं असे) डेटाबेस हाताने स्टॉप केले तर आठवड्याने परत चालू दिसले. ते तसंच असतं, थांबवलेला आरडीएस सात दिवसांनी आपोआप सुरू होतो. म्हणून जे लागणार नव्हते त्यांचा शेवटचा स्नॅपशॉट घेऊन डेटाबेसच काढले.

निर्णय पहिला: लॉग किती दिवस

क्लाउडवॉच या देखरेखीच्या सर्व्हिसमधल्या लॉग ग्रुपची मुदत आपण ठरवली नाही तर कायमची असते, आणि इथे कोणीच ठरवली नव्हती. डेव्हलपर म्हणाले तीस दिवस पुरे, त्याआधीचं आम्ही कधी बघत नाही. पण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगतात, भारताच्या हद्दीत. म्हणून १८० दिवस ठरवले. पैसे थोडे जास्त जातात पण इथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

निर्णय दुसरा: जूनमध्ये रिकामं म्हणजे नको असलेलं का?

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. कॉम्प्युट ऑप्टिमायझर (सर्व्हर रिकामे आहेत का हे सांगणारा एडब्ल्यूएसचा सल्लागार) मूळ सेटिंगला मागच्या १४ दिवसांचा वापर बघतो. जूनमध्ये त्याने काट्याचे जवळपास सगळे सर्व्हर रिकामे दाखवले, आणि ते खरंच रिकामे होते, सीपीयू एक-दोन टक्के. एका डेव्हलपरने टर्मिनेटची, म्हणजे कायमचे काढायच्या सर्व्हरची, यादी तयार केली. दादांनी ती यादी बघितली आणि म्हणाले, अरे हे काय करताय, नोव्हेंबरात यावर रात्रंदिवस गाड्या उभ्या असतात.

उसाच्या धंद्यात चौदा दिवसांचा, महिन्याचा, तिमाहीचा वापर बघून काही ठरवताच येत नाही. साखर हंगामाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. काटा उन्हाळ्यात झोपलेला, पण त्याच वेळी जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागणीच्या नोंदी सुरू असतात, म्हणजे नोंदीचा सर्व्हर चालूच पाहिजे. ऊस बिलाचा सर्व्हर गाळप संपल्यावरही अंतिम हप्त्यासाठी मध्येच जागा होतो. क्लाउडवॉचमध्ये तासाच्या हिशोबाचे आकडे १५ महिने राहतात, ते काढून मागच्या पूर्ण हंगामाचा ग्राफ प्रत्येक सर्व्हरसमोर ठेवला, आणि मग ठरलं की काट्याचे सर्व्हर टर्मिनेट करायचे नाहीत, हंगामाबाहेर फक्त स्टॉप. नोंदीचे चालू ठेवायचे पण लहान साइजचे.

कधी चालू करायचे यावर थोडी चर्चा झाली. डेव्हलपर म्हणाले १ ऑक्टोबरला स्क्रिप्टने सगळे एकदम. दादा म्हणाले तारीख दरवर्षी बदलते, पाऊस लांबला की गाळप लांबतं, पण बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका आपल्याला प्रत्येक कारखान्याकडून येतेच. मग तोच नियम केला, पत्रिका आली की फिल्ड टीमने शीटमध्ये तारीख टाकायची आणि अग्निप्रदीपनाच्या दिवसापर्यंत त्या कारखान्याचा सर्व्हर सुरू करून काट्यावरून टेस्ट पावती काढून बघायची. मोळी पडायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, त्यानंतर थोडे दिवस असतात, काही अडलं तर वेळ मिळतो. हे अंतर मुद्दाम ठेवलंय, कारण स्टॉप केलेला सर्व्हर सुरू करताना त्या झोनमध्ये त्या टाइपची मशीन शिल्लक नाही असंही कधीकधी होतं, विशेषतः जुन्या टाइपच्या.

बंद सर्व्हरचे आयपी मात्र ठेवले. ते सोडले असते तर पैसे वाचले असते, पण काट्याच्या पीसीत आयपी थेट लिहिलेला आहे, आणि कारखान्याकारखान्यात माणूस पाठवून तो बदलायचा खर्च आयपीच्या वर्षभराच्या पैशांपेक्षा जास्त.

निर्णय तिसरा: सुटलेल्या कारखान्यांचा डेटा

शंका असलेल्या गटात बहुतेक हेच होतं. पद्धत अशी ठरली की सर्व्हर स्टॉप करायचा, तीस दिवस थांबायचं, कोणी ओरडलं नाही तर स्नॅपशॉट घेऊन काढायचा. तिसाव्या दिवसाच्या आत एक फोन आलाच. दोन वर्षांपूर्वी सुटलेला कारखाना, तिथे लेखापरीक्षण चालू, ऑडिटरना जुन्या हंगामाचे तोडणी-वाहतुकीचे रिपोर्ट पाहिजेत आणि त्यांचा माणूस अजून जुन्याच लिंकवर जाऊन ते काढत होता. कंपनीत हे कोणालाच माहीत नव्हतं. सर्व्हर नुसता स्टॉप होता म्हणून काही मिनिटांत चालू करून दिला, टर्मिनेट केलेला असता तर त्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला ऑडिटरसमोर हात वर करायला लागले असते. त्या फोननंतर तीस दिवसांचा नियम बदलला. सर्व्हर तीस दिवसांनी काढला तरी शेवटचा स्नॅपशॉट पूर्ण एक हंगाम आणि एक ऑडिट होईपर्यंत ठेवायचा असं ठरलं.

तो आर्काइव्हमध्ये, म्हणजे स्नॅपशॉटच्या स्वस्त पण संथ साठ्यात, टाकावा का? आर्काइव्हचा दर ७५ टक्के कमी आहे पण तिथे किमान ९० दिवसांचे पैसे लागतात, परत आणायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात, आणि तिथे इन्क्रिमेंटल न राहता पूर्ण स्नॅपशॉट साठवला जातो. एकच शेवटचा स्नॅपशॉट उरलेल्या डिस्कसाठी ते फायद्याचं, बाकीच्यांसाठी उलट महाग पडू शकतं. ऑडिट होऊन गेलेल्या कारखान्यांचेच तिकडे पाठवले.

दुसरी बाजूही बोलायला पाहिजे. या डेटात हजारो ऊस उत्पादकांची नावं, बँक खाती, गट नंबर आहेत. स्वस्त पडतं म्हणून कायम ठेवणं बरोबर नाही, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा रोखही तोच आहे, काम संपलं की डेटा पुसा. म्हणून प्रत्येक सुटलेल्या कारखान्याला पत्र गेलं, तुमचा डेटा घेऊन जा, पोच द्या, मग आम्ही पुसतो.

निकाल

पहिल्या महिन्यात बिल थोडं वाढलं. जुन्या डिस्क अजून होत्या आणि त्यांचे नवे स्नॅपशॉट पण झाले होते. मालक नाराज झाले, आणि हे आधी सांगून ठेवायला पाहिजे होतं असं सगळ्यांनाच वाटलं. दुसऱ्या महिन्यापासून उतरायला लागलं आणि पुढच्या उन्हाळ्यात आधीच्या उन्हाळ्यापेक्षा जवळपास तिसरा हिस्सा कमी आलं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा डिस्कचा आणि हंगामाबाहेर थांबवलेल्या काट्याच्या सर्व्हरचा, लॉग आणि आयपीचा वाटा लहान. हंगाम सुरू होताना एकही काटा अडला नाही. वर्षभर चालूच राहणारे सर्व्हर किती हे आता स्पष्ट झालं होतं, तेवढ्यापुरता एक वर्षाचा सेव्हिंग प्लॅन मग घेतला, पहिल्या कोटेशनपेक्षा बराच लहान.

वेगळं काय करता आलं असतं

दादांना पहिल्या दिवशी बसवायला पाहिजे होतं. "वापरात आहे का" हा प्रश्न मशीनला विचारून अर्धंच उत्तर मिळतं.

डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटचं नाव कोणत्या आयपीवर जातं त्या नोंदींचा, क्रम चुकला होता. पहिल्या खेपेला सुटलेल्या कारखान्यांचे आयपी सोडले पण सबडोमेनच्या नोंदी तशाच राहिल्या, एका डेव्हलपरच्या ते नंतर लक्षात आलं. तोच आयपी उद्या दुसऱ्या कोणाला मिळाला तर कंपनीच्या नावावर त्याचं पान उघडेल आणि त्याने मनात आणलं तर ऊस उत्पादकांना फसवणारं लॉगिन पेजही टाकेल. नुकसान झालं नाही पण धोका खरा होता. आता आधी डीएनएस काढतात, मग आयपी किंवा बकेट.

टॅग बिलिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करायला उशीर झाला. सर्व्हरला टॅग लावला म्हणून तो बिलात दिसत नाही, बिलिंग कन्सोलमध्ये जाऊन वेगळा चालू करायला लागतो, त्यामुळे कोणता कारखाना किती खर्चाचा हे पहिले काही आठवडे अंदाजानेच चाललं. ते आकडे आल्यावर कळलं की दोन लहान कारखान्यांचा क्लाउड खर्च त्यांच्या वार्षिक मेंटेनन्सच्या जवळ पोचलेला आहे, आणि हे करार रिन्यू करताना माहीत असतं तर दर वेगळा ठरला असता.

डेमोच्या मशीनला आता तारीख असते, मुदत संपली की स्टॉप, वाढवायची असेल तर विक्रीवाल्याने स्वतः येऊन वाढवायची. आणि नव्या करारात एक कलम आलंय, करार संपल्यावर डेटा किती दिवस ठेवायचा, कोण घेऊन जाणार, पुसल्याची पोच कोणी द्यायची. जुन्या पत्रांना मात्र सगळ्यांनी उत्तर दिलेलं नाही. तीन-चार ठिकाणी संचालक मंडळ बदललंय किंवा प्रशासक आहे आणि सही कोणी करायची हेच ठरत नाही, त्यांचे स्नॅपशॉट अजून आर्काइव्हमध्ये आहेत आणि शीटमध्ये त्यांच्यासमोर जबाबदार म्हणून दादांचं नाव आहे.